वंडर वूमनला बुरशी

'डबा कधीही उघडू नये' हा बाहुल्या जमवणाऱ्यांचा नियम ज्याने कुणी काढला, त्याने कोकणात एक आषाढ काढलेला नाही. गणपतीत चाकरमान्यांची पोरं घरात शिरतात ती तर त्याने पाहिलेलीच नाहीत.

मी बाहुल्या जमवतो. हे वाक्य मालवण तालुक्यात एका चाळिशीच्या पुरुषाने बाजारात मोठ्याने म्हणून बघावं. समोरचा आधी माझ्या मुलीकडे बघतो. मुलगी क्रिकेट खेळते. मग तो बायकोकडे बघतो. बायको आभाळाकडे बघते. मग मलाच खुलासा करावा लागतो, की या खेळायच्या बाहुल्या नव्हेत, जमवायच्या आहेत. कॉमिक्समधल्या नायिकांच्या, साडेअकरा इंच उंचीच्या, बार्बीच्या मापाच्या, अंगावर खरे शिवलेले कपडे असलेल्या. या खुलाशाने माझी अब्रू वाढल्याचा अनुभव नाही.

"बार्बीचा आणि कॉमिकचा काय संबंध?" असं कुणी विचारलं की मात्र मी पेटतो. १९५२ साली जर्मनीतल्या 'बिल्ड' या दैनिकात लिली नावाच्या एका फटकळ पोरीचं व्यंगचित्र सुरू झालं. राइनहार्ड बॉयटीन हा तिचा चित्रकार. पोरगी इतकी चालली, की १९५५ मध्ये तिची बाहुलीच निघाली, आणि तीही पोरांसाठी नाही, मोठ्या माणसांसाठी. तंबाखूच्या दुकानात मिळायची म्हणे, म्हणजे आपल्याकडे पानपट्टीवर. पुढच्याच वर्षी रूथ हँडलर नावाची अमेरिकन बाई स्वित्झर्लंडला फिरायला गेली, तिने ही बाहुली पाहिली, उचलली, घरी नेली आणि १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी उभी केली. म्हणजे बार्बीचं मूळ कॉमिकमधलं. कोकणात कुणाचंही कूळ आणि मूळ सांगितलं की ऐकणारा निम्मा नमतो. उरलेला निम्मा विचारतो, "मग लग्नाआधी बायकोला हे सांगितलं होतंत का?"

त्यातही १९६७ साली 'आयडियल' कंपनीने काढलेल्या चौघी म्हणजे आमच्या पंथातल्या चारधाम: वंडर वूमन, सुपरगर्ल, बॅटगर्ल आणि मेरा. ही मेरा म्हणजे अ‍ॅक्वामॅनची बायको, समुद्राखालची राणी. आम्ही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारी माणसं, त्यामुळे तिच्यावर माझा विशेष जीव. पण त्या चौघींचे आजचे भाव बघितले की मी फोन पालथा ठेवतो आणि परसात जाऊन माडांकडे बघतो. माझ्याकडे आहेत त्या अलीकडच्या, आमच्यासारख्यांना परवडणाऱ्या.

परवडणाऱ्या म्हणजे काय, तेही सांगतो. पार्सल आलं की बायको किंमत विचारते. मी खोटं बोलत नाही. मी डॉलरमधली किंमत प्रामाणिकपणे घेतो आणि तिला १९९० सालच्या भावाने, म्हणजे साधारण सतरा रुपयांनी गुणतो. आकडा सांगताना डोळ्याला डोळा भिडवत नाही, एवढंच. वंडर वूमनच्या कमरेला ती सोनेरी दोरी असते, जिच्यात अडकलेला माणूस खरं बोललाच पाहिजे. ज्या विल्यम मार्स्टनने १९४१ मध्ये ही बाई जन्माला घातली, तो स्वतः मानसशास्त्रज्ञ. रक्तदाब मोजून खोटं पकडायच्या खटाटोपात आधी बरीच वर्षं गेलेली. ही माहिती मी घरात कधीच सांगितलेली नाही.

पार्सल घरापर्यंत येतं असंही नाही. खाडीपलीकडे आमची वाडी, कुरिअरवाला पोरगा तिठ्यावरून फोन करतो, "दादा, होडीपर्यंत येतास?" नाही गेलो तर डबा वाण्याच्या दुकानात पडतो. जमवणाऱ्यांच्या जगात डब्याचा एक कोपरा दबला तरी भाव उतरतो. वाण्याच्या जगात डबा ही नारळाचं पोतं टेकवायची सोय असते. मी त्याला एकदा कोपऱ्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तेव्हापासून तो पोतं डब्याच्या मधोमध ठेवतो.

हे सगळं सोसवेल. पाऊस सोसवत नाही. मृग लागला की घरातलं मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, पापड घडी घालता येईल इतके मऊ होतात. तिथे पुठ्ठ्याच्या डब्याने काय करावं? तो फुगतो. पुढची प्लॅस्टिकची खिडकी आतून धुरकट होते आणि सुपरगर्ल धुक्यातल्या आंबोली घाटात उभी असल्यासारखी दिसायला लागते. ज्या तारांनी तिला आत बांधलेलं असतं त्या गंजतात. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते उकाड्यात हळूहळू बाहेर येतं आणि बाहुलीचे पाय चिकट होतात. जुन्या बार्बींच्या कानातल्यांचा धातू गंजून कानाभोवती हिरवा डाग पडतो, त्याला जाणकार लोक नुसतंच 'हिरवा कान' म्हणतात, जसा काही रोगच. आणि बुरशी! वंडर वूमनच्या डब्यावर श्रावणात पांढरी भुरी दिसली तेव्हा मी घरात जो आवाज काढला, तो ऐकून शेजारी काठी घेऊन धावत आले. त्यांना साप वाटला. खरं कारण कळल्यावर ते चहा न घेता परत गेले.

उपाय सगळे करून झाले. सिलिका जेलच्या पुड्या आणल्या. बायकोने त्या पापडाच्या डब्यात टाकल्या, आणि तिचं चुकलं असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. कपाटात बल्ब लावून ठेवला. पण आमच्याकडे पहिल्या सरीबरोबर वीज जाते आणि शेवटच्या सरीनंतर विचार करून येते. आईने मायेने प्रत्येक डब्यामागे डांबराच्या गोळ्या ठेवल्या. प्लॅस्टिकला या गोळ्या बाधतात हे वाचलं, त्या रात्री मी विजेरी घेऊन एकेक गोळी हुडकत होतो. शेवटी आईनेच तोडगा काढला: डबे चुलीवरच्या माळ्यावर, सोलं आणि सुके बांगडे ठेवतात तिथे. आणि खरंच, तिथे दमट अजिबात नाही. डबे ठणठणीत राहिले.

फक्त असं, की या बाहुल्यांच्या खरेदी-विक्रीत विकणारे एक ओळ हटकून लिहितात: 'धूम्रपान नसलेल्या, पाळीव प्राणी नसलेल्या घरातून.' मी काय लिहू? घरात चूल आहे, दोन मांजरं आहेत आणि वंडर वूमनला बांगड्याचा वास आहे.

आईचं या सगळ्यावर स्पष्ट मत आहे. तिच्या लग्नात सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळं अजून कोनाड्यात आहेत. लाखेचा रंग, चकचकीत. दर पावसाळ्यात ती मला ती दाखवते. "माझी लाकडाची केळी बघ. एक तरी कुसला?" मग डब्यांकडे बोट. "जित्या माणसाक असा कोंडून ठेवलंस तर पोलीस येतले."

माझ्याकडची ब्लॅक कॅनरी २००८ सालची. कॉमिकमध्ये ही बाई १९४७ पासून काळं जाकीट आणि जाळीचे पायमोजे घालून गुंडांना बडवते आहे, बाहुलीलाही तेच कपडे दिले. त्यावरून ब्रिटनमध्ये एका धार्मिक गटाने आरडाओरडा केला की हे काय कपडे झाले. आमच्या किनाऱ्यावर आक्षेप आला, पण वेगळाच. शेजारचे रापणीवाले आजोबा तिला खिडकीतून बराच वेळ न्याहाळत राहिले. मी मनात खुलाशाची जुळवाजुळव करत होतो. त्यांनी नजरेनेच जाळ्याची आस, म्हणजे भोकांचं माप, मोजली आणि मान हलवली. "आस मोठी. ह्यात तारली तरी गावतली?"

अख्ख्या गावात माझी बाजू समजणारे एकच, माझे धाकटे काका. ते दशावतारात स्त्रीपार्ट करतात. स्वतःचा पेटारा स्वतः वाहायचा, तोंड स्वतः रंगवायचं, लुगडं स्वतः नेसायचं आणि रात्रभर अशी द्रौपदी करायची की बायका पदराने डोळे पुसतात. काकांनी डबा हातात घेतला तोच मुळी कडेने, कोपरे न दाबता. मला भरून आलं. त्यांनी सुपरगर्लच्या झग्याची शिवण पाहिली, "शिवण बरी, पण पदर खंय गेलो?" म्हणून विचारलं, आणि वंडर वूमनचं कपाळपट्टीसारखं ते सोनेरी मुकुट दिसताच गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माका असोच एक होयो." सध्या ते मुकुट मोजायला डबा उघडू दे म्हणून माझ्या मागे आहेत. मी नाही म्हटलं. आमच्या संबंधात थोडा दुरावा आहे.

गणपती आले. मुंबईहून रेल्वे भरभरून पोरं आली. त्यातला पुतण्या, वय सात, डब्यासमोर उभा राहून म्हणाला, "काका, ही सुपरगर्ल उडते ना?" मी म्हटलं, उडते. "मग डब्यात कशी उडणार?" मी त्याला बाजारभाव, मूळ अवस्था, दुर्मिळता अशा क्रमाने समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघतो तर सुपरगर्ल माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, टांगलेली. एका बाजूला कवंडळं, दुसऱ्या बाजूला सुपाऱ्यांचा घोस, मधे ही, दोन्ही हात पुढे, लाल केप वाऱ्यावर, थेट गणपतीच्या दिशेने झेपावलेली. खाली फाटलेला डबा. त्यात मांजर झोपलेलं.

पोराला बोलायची सोय नव्हती, कारण दिसत होती ती सुरेखच. संध्याकाळी वाडीतून माणसं बघायला आली. रात्री भजनात बुवांचं गजरात लक्ष लागेना, मधेच पेटी थांबवून त्यांनी विचारलं, "ही खंयची देवी?" आई म्हणाली, "अमेरिकेची." तेवढं पुरलं. हळदीकुंकवाला आलेल्या कुणीतरी भाविक बाईने तिच्याही कपाळाला बोट टेकवलं. व्हिनाइलवरची हळद कशानेही जात नाही. कशाकशाने जात नाही, ते मी करून पाहिलं आहे.

न राहवून मी पुण्यातल्या माझ्या जमवणाऱ्या मित्राला फोटो पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा मी नारळ खोवत होतो, हात चवात, म्हणून बायकोने फोन उचलून स्पीकरवर टाकला. मी विळीवरून अर्धा उठलो, पण उशीर झाला.

"संपलं रे," तो कळवळून म्हणाला, "डबा गेला, वर कपाळाला हळद. निम्म्यावर आली. आता अडीच हजारांच्या वर कुणी एक पैसा देणार नाही."

स्वयंपाकघरात सगळे गप्प झाले. बायकोने फोन खाली ठेवला. मी तिला ही बाहुली अकराशेची सांगितली होती.

"अकराशेची बाहुली," ती सावकाश म्हणाली, "डबा फाडल्यावर, हळद लागल्यावर, नुकसान होऊन अडीच हजारांची झाली?"

मी नारळ खोवत राहिलो. करवंटी लागली तरी खोवत राहिलो.

"अहो, मग बाकीच्या कशाला बांधून ठेवल्यात?" तिने पडवीत हाक मारली. "पोरांनो, कात्री घेऊन या. आणि काकांनाही बोलवा, मुकुट मोजायचंय त्यांना."