अगं तो बघ, तिकडे!

पक्षी बघायला जाण्यात सगळ्यात अवघड काय, तर पहाटे उठणं, असं ज्यांना वाटतं ते ग्रुपबरोबर कधी गेलेलेच नसतात. उठतो की माणूस. डास, चिखल, बुटात शिरलेलं पाणी, हेही चालून जातं. खरा छळ सुरू होतो तो "तो बघ!" पासून.

कुठे? "अगं तिकडे, त्या झाडावर." समोर जंगल आहे, झाडांशिवाय दुसरं काही नाहीये. "त्या वाकड्या फांदीच्या वर हिरवं पान हलतंय ना, त्याच्या मागे." हिरवं पान! बरं हलतायत तर सगळीच. "वाऱ्याने नाही गं, पक्ष्याने हलतंय ते!" मग ग्रुपमधले अनुभवी काका मदतीला येतात आणि घड्याळाच्या काट्यांवर दिशा सांगतात, "दोन वाजता बघ", पण काका माझ्याकडे तोंड करून उभे, म्हणजे त्यांचे दोन ते माझे आठ, हा हिशोब होईपर्यंत सगळे "गेला गेला" करत दुर्बिणी खाली करतात.

आणि एवढं करून असतो कोण, तर पर्णवटवट्या. वजन दहा ग्रॅमसुद्धा नाही, रंग पानाचा, राहतो पानात, आणि एका जागी दोन सेकंद थांबेल तर शपथ. हिवाळ्यात याचे असे कितीतरी भाऊबंद उत्तरेकडून येतात आणि सगळे एकसारखे दिसतात, पंखावर पुसटशी रेघ आहे का नाही आणि तो चिक म्हणाला का चिवीट, यावरून ओळखायचे. वर बघून बघून मान धरते, त्या दुखण्याला बर्डर लोकांनी वॉर्बलर नेक, म्हणजे वटवट्या-मान, असं नावसुद्धा देऊन ठेवलंय. दुर्बीण म्हणाल तर ८ बाय ४२ ची, म्हणजे भिंग ४२ मिलीमीटरचं आणि सगळं आठपट मोठं, त्यात माझ्या हाताची थरथरही आली. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची अशी युक्ती सगळेच सांगतात, पण त्यासाठी आधी पक्ष्यावर नजर पडलेली असावी लागते ना!

पाणथळीवर बरं असेल वाटतं, मोकळं असतं, झाडं नाहीत. पण मग खूण कशाची सांगणार? "तो बघ, त्या चिखलाच्या पलीकडच्या चिखलात." चिखल्या, तुतार, सगळे चिखलाच्याच रंगाचे आणि चिखलातच चोच मारत बसलेले. २०२२ साली यांच्यातलाच एक गॉडविट नावाचा चिखलपक्षी, जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू, अलास्काहून थेट टास्मानियाला गेलं, ११ दिवसांत न थांबता १३,५६० किलोमीटर, आणि पाठीवरच्या टॅगमुळे सॅटेलाइटला त्याचा सगळा रस्ता दिसला. सॅटेलाइटला दिसतो, मला पन्नास पावलांवर दिसत नाही! त्यातल्या त्यात ढोकरी, ती मातकट बगळी, सज्जन. शेजारी बसली तरी मातीचं ढेकूळच वाटते, पण उडताना पांढरेशुभ्र पंख उघडून, बाई गं मी इथे होते, एवढं तरी कळवून जाते.

जळवांचं मात्र कौतुक करायला हवं. ना दुर्बीण, ना काका, नुसत्या आपल्या श्वासावरून, अंगाच्या उबेवरून आणि पावलांच्या हादऱ्यावरून बरोबर माझा घोटा शोधतात, तेही पँट मोज्यात खोचलेली असताना. चावलेलं कळतही नाही, आणि त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं त्यामुळे मोजा कितीतरी वेळ लाल होत राहतो. तो लाल ठिपका मात्र ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांना लांबून दिसतो.

शेवटी कुणीतरी फोटोवाला दया येऊन कॅमेरा पुढे करतो. त्या एवढ्याशा स्क्रीनवर वटवट्या काय सुंदर दिसतो, भुवईसुद्धा दिसते. मी वर झाडाकडे बघते, पुन्हा स्क्रीनकडे बघते, आणि वहीत नाव लिहायला घेते तर काका म्हणतात, "हा तुझ्या लिस्टमध्ये धरायचा नाही हं." म्हटलं, काका, तुम्ही मघाशी नुसता आवाज ऐकून तीन लिहिलेत, ते?

"ते वेगळं," काका म्हणाले आणि दुसऱ्या झाडाकडे बोट केलं.