नऊ रुग्ण, चार पानं

दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे 'कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं' अशी बातमी झळकते. आपण ती चार ग्रुपवर ढकलतो आणि विसरून जातो. ज्या शोधनिबंधानं, म्हणजे संशोधकांच्या भाषेत 'पेपर'नं, एका ब्लड कॅन्सरचं भवितव्य खरोखर बदललं, त्यात मात्र रामबाण वगैरे काहीच नव्हतं. गुणसूत्रांचं नीट केलेलं निरीक्षण होतं, बस्स.

तो पेपर १९७३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. चार पानं, लेखिका एकटीच: शिकागो विद्यापीठातल्या डॉ. जॅनेट राऊली.

विषय होता क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हाच तो ब्लड कॅन्सर. या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असतं, हे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं. काम फिलाडेल्फियातलं, म्हणून नावही 'फिलाडेल्फिया गुणसूत्र'. आखूड आहे म्हणजे तुकडा तुटून हरवला असणार, असं सगळे धरून चालले होते.

राऊलीबाई ऑक्सफर्डहून गुणसूत्रं रंगवण्याची नवी तंत्रं शिकून आल्या होत्या. त्यानं प्रत्येक गुणसूत्रावर पट्टे उमटतात आणि कुठलं कोणतं ते ओळखता येतं. घरी जेवणाच्या टेबलावर त्या फोटोतली गुणसूत्रं कात्रीनं कापून जोड्या लावत बसायच्या. आई कागदी बाहुल्यांशी खेळते, म्हणून मुलं चिडवायची. आखूड असतं ते बाविसावं गुणसूत्र, हे तर माहीतच होतं. पण नवव्या गुणसूत्राच्या जोडीतल्या एकाच्या टोकाला काहीतरी जास्तीचं, अंधूक चमकणारं दिसत होतं. आणि बाविसाव्यात जेवढं कमी, साधारण तेवढंच नवव्यावर जास्त! तुकडा हरवला नव्हता, त्यानं मुक्काम हलवला होता.

आता गंमत बघा. एवढं हाती लागूनही पेपरची भाषा काय, तर आजवर लक्षात न आलेली अदलाबदल इथे झालेली 'असू शकेल'. मला हा 'असू शकेल' फार आवडतो. जेवढं दिसलं तेवढं ठामपणे सांगायचं, पुढचं राखून.

रुग्ण किती? नऊ. आज कुणीही म्हणेल, एवढ्यावरून काय ठरणार? पण हे नऊ निवडून घेतलेले नव्हते, ओळीनं आलेले होते, आणि नवांच्या नवांमध्ये तोच बदल होता. शिवाय तो डोळ्यांनी दिसणारा, दुसऱ्या कुणालाही पडताळता येणारा. (त्यामुळे 'आमच्या काकांना या काढ्यानं गुण आला'वाल्यांनी इथे कृपया आनंदून जाऊ नये.)

तरी पुढची काही वर्षं बाईंना लोकांना पटवण्यात घालवावी लागली. गुणसूत्रांची ही मोडतोड कॅन्सरमुळे होते, तिच्यामुळे कॅन्सर होत नाही, असाच अनेकांचा समज होता. १९८० च्या दशकात उलगडा झाला. नवव्यावरचं एबीएल आणि बाविसाव्यावरचं बीसीआर ही जनुकं या अदलाबदलीत जोडली जातात आणि त्यातून बनणारं प्रथिन कायम चालू राहतं. बटण अडकलेल्या डोअरबेलसारखं. पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप थांबतच नाही.

निरोप कुठून येतो ते कळलं, म्हणून तो अडवणारी गोळी शोधता आली. ती गोळी म्हणजे इमॅटिनिब. कॅन्सरतज्ज्ञ ब्रायन ड्रुकर यांच्या २००१ च्या पेपरात, इंटरफेरॉन या आधीच्या औषधानं भागलं नव्हतं अशा, या गोळीची रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ रुग्णांच्या रक्तपेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. म्हणजे रोग मुळासकट गेला असं नव्हे, पण असे आकडे कॅन्सरमध्ये कुणी पाहिले होते? त्याच वर्षी अमेरिकेत इमॅटिनिबला मंजुरी मिळाली. राऊलींच्या पेपरला तेव्हा २८ वर्षं झाली होती.

म्हणून 'याचा रुग्णाला लगेच उपयोग काय?' हा संशोधकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न मला खटकतो. १९७३ मध्ये याचं प्रामाणिक उत्तर 'काहीच नाही' असंच आलं असतं. चार मुलगे वाढवताना अनेक वर्षं अर्धवेळ काम केलेल्या, फोटो कापत बसणाऱ्या बाईला त्या उत्तरावर आज कुठली समिती पैसे देईल? मला तरी शंका आहे.

सीएमएलचं निदान पक्कं करताना आजही हेच बघतात: नऊ आणि बावीसची अदलाबदल आहे की नाही.