फॉरमॅटच्या आधी सेफ मोड बघा

लॉगिन होताच विंडोज बंद पडलं की थेट फॉरमॅट करा, हा एका लेखात वाचलेला सल्ला घाईचा आहे. पासवर्डच्या स्क्रीनपर्यंत मशीन टिकतं, म्हणजे संशय आधी ग्राफिक्स ड्रायव्हरवर (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि मग लॉगिननंतर आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅम्सवर. त्याच स्क्रीनवर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट हे पर्याय ओळीने निवडा, मग ४ दाबा. विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हर्स-प्रोग्रॅम्सवर चालू होईल. सेफ मोडमध्ये टिकलं, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्स ड्रायव्हर काढा. फरक नाही पडला तर एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजचं सिस्टिम कॉन्फिगरेशन) सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम्स, बंद करा, पण आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक हवीच! सेफ मोडमध्येही पडत असेल तर रॅमची एकेक पट्टी लावून तपासा. आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीवरून एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) बदलू नका. मशीन नीट शटडाउन झालं नाही, एवढंच ती नोंद सांगते.