गिरणगावाने पक्ष सोडले की पक्षांनी गिरणगाव?

निवडणुकीचे निकाल लागले की गिरणगावातल्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या आमच्या लालबाग-परळच्या माणसांना गद्दार ठरवायची चढाओढ सुरू होते. "मराठी माणूस फिरला", "मतं विकली" असल्या पोस्टी वाचून डोकं फिरतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

हा पट्टा एकेकाळी लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कॉम्रेड डांगे इथूनच लोकसभेत गेले. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाईंना हरवून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. पण म्हणून लोक एका रात्रीत फिरले नव्हते. आमच्याच खोलीत आजोबा लाल बावटा युनियनचे आणि धाकटे काका सेनेच्या शाखेतले. दोघं एका ताटात जेवायचे. बोनससाठी युनियन भांडायची, आणि रात्री-अपरात्री कुणाला केईएमला न्यायचं झालं की शाखेतली पोरं धावायची. दोन्ही गरजा खऱ्या होत्या.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १९८४ ला देशभर काँग्रेसची लाट असताना या भागाने संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवलं, आणि १९८५ ला महापालिका शिवसेनेच्या हातात दिली. याला कुणी चंचलपणा म्हणत असेल तर म्हणो. दिल्लीत कोण हवा आणि नळाला पाणी आणायला कोण हवा, हे लोकांना नीट कळत होतं.

त्याच काळात गावाकडे, कोकणात वेगळंच. राजापूर लोकसभा मतदारसंघात आधी समाजवादी नाथ पै, मग १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते. मुंबईचा चाकरमानी सेनेचा आणि गावचा चुलता समाजवादी, हे कोकणात घरोघरी होतं. गणपती-शिमग्याला एसटीने जाणाऱ्या पोरांनीच शाखा तिकडे नेली. १९९१ ला दंडवते हरले ते काँग्रेसकडून, पण १९९६ ला सुरेश प्रभू निवडून आले ते सेनेचे. पुढे निष्ठा पक्षापेक्षा नेत्याशी जास्त बांधली गेली. नारायण राणे २००५ ला काँग्रेसमध्ये गेले, २००९ ला त्यांचे चिरंजीव काँग्रेसचे खासदार झाले, आणि २०२४ ला स्वतः राणे भाजपचे.

आणि गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातली माणसं गेली कुठे? डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा. माझी चुलतबहीण लग्नानंतर नालासोपाऱ्याला गेली. तिथे टँकर ज्याच्या शब्दावर यायचा, त्याला तिने मत दिलं. लालबागला राहिली असती तर त्या पक्षाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नसतं. तिला गद्दार म्हणणाऱ्याने आधी तिचे हंडे भरून द्यावेत.

२०२२ ला सेना फुटली, तरी २०२४ च्या विधानसभेला वरळी, शिवडी, माहीम तिन्ही जागा उद्धव ठाकरेंच्या सेनेनेच जिंकल्या. माझ्या मते त्याचं कारण भाषणांत नाही. इथल्या शाखेत संध्याकाळी अजून कुणीतरी बसलेलं असतं, दाखल्यासाठी आलेल्या म्हातारीचा अर्ज भरून देतं. पण चाळींचे टॉवर होताहेत, आणि गेटवर वॉचमन शाखाप्रमुखालाही नाव लिहायला लावतो. तेव्हा पुढचं गृहीत धरू नका, हे सगळ्याच पक्षांना सांगणं आहे. आमच्या चाळीचं काम बिल्डरने अर्धवट टाकलं आणि घरभाडं थकवलं, तेव्हा मत मागायला येणाऱ्यांपैकी एकही जण फिरकला नाही. चाळीतल्या बायाबापड्यांनी उद्या कुणाला मत द्यायचं, ते त्यांचं त्या ठरवतील.