जर्मनीतल्या विद्यार्थ्याचं चार दिवसांचं पॅरिस : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची मुलगी श्टुटगार्टला शिकते आणि मार्चच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर पॅरिसला जायचं म्हणतेय. विद्यार्थ्यांसाठीचा माझा पॅरिसचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : "चार दिवस पावणेतीनशे युरोत, हा आकडा मुलांना भुलवणारा आहे. लूव्रच्या साइटवर भारतीयांना ३२ युरो तिकीट दिसतं, तुम्ही मोफत म्हणता. व्हिसाचा तर उल्लेखच नाही. पोरं उपाशी राहून पैसे वाचवणार, दुसरं काय?" काळजीपोटी लिहिलंय हे कळतं, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आकडा मात्र मी कमी-जास्त करणार नाही. तो उपासमारीतून आलेला नाही. कोणत्या वारी निघायचं आणि खिशात कोणतं कार्ड आहे, यावर तो उभा आहे.

लूव्रपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. जानेवारी २०२६ पासून ३२ युरोंचा दर लागू झाला तो युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून (युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाईन सोडून इतर देशांतून) येणाऱ्यांसाठी. पुण्याहून थेट आलेल्या पर्यटकाला तो भरावाच लागतो. तुमची मुलगी जर्मनीची रहिवासी आहे, आणि १८ ते २५ वयाच्या रहिवाशांना लूव्रमध्ये मोफत प्रवेश आहे. अट राहण्याची आहे, पासपोर्ट कुठल्या देशाचा याची नाही. ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा इथेही याच धर्तीची सवलत आहे. पण ही सवलत सगळीकडे सरसकट आहे असं धरून चालू नये. काही स्मारकांची अट जास्त कडक असते, म्हणून प्रत्येक ठिकाणच्या साइटवर मोफत प्रवेशाचं पान उघडून ओळ न ओळ वाचायला सांगा.

यात चुका कुठे होतात? पहिली, मोफत आहे म्हणून मुलं बुकिंगच करत नाहीत. लूव्रला मोफत प्रवेशासाठीही वेळेचा स्लॉट आधी घेऊन ठेवावा, कारण चांगल्या वेळा लवकर भरतात. दुसरी, दारात नुसता भारतीय पासपोर्ट पुढे करतात. त्यावरून वय कळतं, पण जर्मनीत राहते हे कळत नाही. जर्मन रेसिडेन्स परमिटचं मूळ कार्ड हातात हवं. तिसरी, वय. भारतातून मास्टर्सला गेलेली बरीच मुलं पंचविशीच्या आसपास असतात. सव्विसावा वाढदिवस होऊन गेला की मोफत प्रवेश संपला, मग युरोपातल्या रहिवाशांचं २२ युरोंचं तिकीट. तिच्या ग्रुपमध्ये कुणी सव्वीस पूर्ण झालेली असेल तर तिच्या बजेटमध्ये संग्रहालयांचे पैसे आधीच वेगळे धरा. आणि लंडनला शिकणारी एखादी मैत्रीण त्यांना तिथे भेटणार असेल, तर तिला यातलं काहीच लागू नाही : ३२ युरो तिकीट आणि वर ९० युरो फीचा शेंगेन व्हिसा. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांनी हा लेख आपल्यासाठी आहे असं समजू नये.

आता वार. पॅरिसच्या सार्वजनिक वाहतुकीचा नेव्हिगो आठवडा पास सोमवार ते रविवार असाच चालतो, घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही. गुरुवारी निघून रविवारी परतणारी मुलं तो घेतात आणि जवळजवळ निम्मा आठवडा वाया घालवतात. शुक्रवारपासून तर चालू आठवड्याचा पास मिळतच नाही, पुढच्या सोमवारपासूनचा मिळतो. २०२६ चे दर असे : आठवडा पास ३२.४० युरो, फोटो लावायच्या प्लास्टिक कार्डाचे ५ युरो वेगळे, मेट्रो आणि आरईआर (उपनगरी रेल्वे) यांचं एकेरी तिकीट २.५५, विमानतळाचं १४. एकेरी तिकिटं भरायला नेव्हिगो ईझी कार्ड २ युरोंना मिळतं, पण ते माणशी एक लागतं. एकाच कार्डावर दोघी जाऊ शकत नाहीत.

हिशोब करा. कार्डांच्या किमतीतला फरक धरून, पास परवडायला आठवड्यात किमान १४ फेऱ्या व्हायला हव्यात. चार दिवस, रोज चार फेऱ्या, म्हणजे १६. जेमतेम फायदा. विमानाने शार्ल द गोल किंवा ओर्लीला उतरणार असतील तर डोळे मिटून पास घ्यावा, कारण जाण्यायेण्याचे २८ युरो त्यातच सुटतात. बसने येऊन मध्यवस्तीत पायी हिंडणाऱ्यांना मात्र सुटी तिकिटं पुरतात. पास फोनवर घेतला तर कार्डाचे पाच युरो वाचतात. कार्ड घेतलं तर त्यावर फोटो चिकटवलाच पाहिजे, नाहीतर तपासनीस वैध पास असूनही दंड करतो.

स्वस्त विमान शेवटी महागात पडतं असंही तुम्ही लिहिलंत, ते रास्त आहे. बोवेचा विमानतळ 'पॅरिस' नावाने विकला जातो, पण तो शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर लांब, दुसऱ्याच प्रांतात आहे. म्हणून तिथल्या बसला नेव्हिगो चालत नाही, आणि दोन्ही बाजूंचं बसभाडं तीस युरोंच्या वर जातं. त्यात बॅगेचे पैसे मिळवले की वीस युरोंचं तिकीट वीसचं राहत नाही. श्टुटगार्टहून मला दोनच पर्याय योग्य वाटतात. रात्रीची बस, जी बर्सी स्थानकात उतरवते. तिथून मेट्रोच्या ६ आणि १४ नंबरच्या लाइन चालत्या अंतरावर आहेत. किंवा डॉइचलांडटिकेटवर (जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणाऱ्या मासिक पासवर) लोकल गाड्यांनी ऱ्हाईनकाठच्या केलपर्यंत, तिथून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची ट्राम नदी ओलांडून नेते, आणि पुढे स्ट्रासबुर्ग ते पॅरिस टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे, पावणेदोन तासांत. केलच्या पलीकडे डॉइचलांडटिकेट संपतं, ट्रामचं तिकीट वेगळं काढायचं. हा मार्ग आधी बुक केलेल्या टीजीव्हीच्या दरावर अवलंबून आहे. शिवाय तिकिटं तुटक असल्याने जर्मन लोकल उशिरा आली आणि टीजीव्ही चुकली, तर पैसे बुडाले. मध्ये दीड-दोन तास मोकळे ठेवलेच पाहिजेत.

सोमवारी सकाळी पोचून गुरुवारी रात्री परत, असं धरलं तर मुक्काम तीन रात्रींचा. मार्चमधलं हॉस्टेल रात्रीचे ३५ ते ४० युरो, येणंजाणं साधारण ६०, पॅरिसमधला प्रवास ३२, जेवणखाण रोजचे १५. बेरीज २५७ ते २७२. हॉस्टेलच्या दरात पर्यटक कर धरलाय की तिथे गेल्यावर वेगळा घेणार, हे बुकिंगच्या शेवटच्या पानावर बघायचं. खोली दुपारीच मिळते, बॅगा मात्र बहुतेक ठिकाणी सकाळी ठेवून घेतात. बॅग पाठीवर घेऊन थेट लूव्रला जाऊ नये : ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठं सामान आत घेत नाहीत.

बंद वार डोक्यात पक्के हवेत. सोमवारी ऑर्से आणि व्हर्साय बंद, मंगळवारी लूव्र बंद. म्हणून सोमवारी नोत्र दाम आणि सीनचा काठ. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या या कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, मनोऱ्यांना तिकीट. मंगळवारी पेटी पॅले आणि कार्नावाले. या शहराच्या मालकीच्या संग्रहालयांत कायमचा संग्रह सर्वांना मोफत, वय-राष्ट्रीयत्व काही विचारत नाहीत. बुधवारी सकाळी व्हर्साय आणि संध्याकाळी लूव्र, कारण बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं आणि सहानंतर गर्दी उतरते. गुरुवारी ऑर्से पावणेदहापर्यंत. मंगळवारी व्हर्सायला जाण्याचा मोह टाळावा. लूव्र बंद असल्याने सगळी गर्दी तिकडे लोटते. मार्चमध्ये व्हर्सायच्या बागा फुकट फिरता येतात, एप्रिलपासून कारंज्यांच्या दिवशी त्यांनाही तिकीट लागतं.

आयफेलवर चढायचंच असेल तर दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढून जावं, लिफ्टपेक्षा तिकीट बरंच कमी.

उपाशी राहण्याबद्दल. गार द्यु नोर रेल्वे स्थानक आणि ला शापेलच्या भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची हॉटेलं आहेत, डोसा-इडली पोटभर मिळते. बाकी वेळी सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं. ती शाकाहारी असेल तर एक लक्षात ठेवायला सांगा : सॅलडवर आणि किशमध्ये 'लार्दों' नावाचे डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे असतात, दिसायला कांद्यासारखे परतलेले, आणि वेटर त्याला मांस समजून सांगेलच असं नाही. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. हॉटेलात 'कराफ द'ओ' मागितलं की जेवणाबरोबर नळाचं पाणी मोफत देतात.

व्हिसाचं सांगतो. वैध जर्मन रेसिडेन्स परमिट आणि वैध पासपोर्ट, एवढ्यावर इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. पण सीमेवर तपासणी होते. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर ती सुरू केली आहे, परतताना रात्री बस थांबवून पोलीस कागद बघतात. फोनमधला फोटो चालत नाही, दोन्ही मूळ कागद जवळ हवेत. तिचं परमिट नूतनीकरणाला दिलेलं असेल आणि हातात फक्त तात्पुरता कागद असेल, तर त्यावर कोणत्या कलमाच्या चौकटीत खूण आहे ते आधी बघा. जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ३ ची खूण असेल तर जर्मनीबाहेर पडून त्या कागदावर परत येता येत नाही. अशा वेळी आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) विचारल्याशिवाय एकही तिकीट काढू नये, मग ते कितीही स्वस्त दिसो.

जाताना सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड घ्यायला सांगा. त्याच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्यविमा कार्ड छापलेलं असतं आणि तातडीच्या उपचाराला ते फ्रान्समध्ये चालतं. खासगी विमा असेल तर कंपनीला लेखी विचारून ठेवा.