डोमेन जुनं आहे एवढ्यानेच साइट गूगलवर वर येत नाही

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: गूगल जुन्या डोमेनला, म्हणजे साइटच्या जुन्या पत्त्याला, झुकतं माप देतं, म्हणून नवं डोमेन घेऊन वेळ घालवू नका, दहा-पंधरा वर्षांचं जुनं विकत घ्या. ते जमत नसेल तर निदान आपलं डोमेन एकदम दहा वर्षांसाठी रजिस्टर करा, रँकिंग, म्हणजे शोधाच्या निकालांतलं स्थान, सुधारेल. यावर विसंबून नवखी माणसं पदरचे पैसे घालवतात, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

पहिला दावा: वय हाच रँकिंग फॅक्टर आहे. गूगलचे जॉन म्यूलर यांनी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं, डोमेनच्या वयाचा काहीही उपयोग होत नाही. गूगलच्या शब्दावर विश्वास नसेल, तर सिंबॉलिक्स डॉट कॉम बघा. 15 मार्च 1985 रोजी नोंदलेलं हे जगातलं पहिलं डॉट कॉम. 2009 मध्ये ते विकलं गेलं. एकाही डॉट कॉमचं वय त्याच्याहून जास्त नाही, तरी कर्ज, विमा किंवा प्रवास यांबद्दल शोधताना ते तुमच्यासमोर येत नाही.

'मग पहिल्या पानावर जुन्याच साइट्स का दिसतात?' हा प्रश्न रास्त आहे. दहा वर्षं नेटाने चालवलेल्या साइटवर शेकडो लेख जमतात, इतर साइट्स तिला लिंक देतात, लोक तिचं नाव टाकून तिला शोधतात. रँकिंग या कमाईचं असतं. आता तेच डोमेन कुणी दहा वर्षांपूर्वी घेऊन त्यावर साइट न उभारता नुसतं पार्क करून ठेवलं असेल तर? वय तेवढंच, पण पानं नाहीत, लिंक नाहीत, वाचक नाहीत. गूगलने वर आणायचं तरी काय?

2024 मध्ये गूगलची अंतर्गत कागदपत्रं फुटली आणि त्यात 'होस्टएज' (होस्टचं, म्हणजे साइटचं वय) हा शब्द सापडल्यावर 'बघा, आम्ही म्हणत होतो' असा गलका झाला. पण तिथलं वर्णन पूर्ण वाचा. एखाद्या होस्टवरची पानं गूगलला सर्वांत आधी कधी दिसली, ती ही तारीख. आणि तिचा उपयोग ताजा स्पॅम, म्हणजे रँकिंगसाठी टाकलेला फसवा मजकूर, रोखून धरण्यासाठी. रजिस्ट्रेशनच्या तारखेचा तिथे उल्लेख नाही, जुन्याला बढती द्यायचाही नाही.

दहा वर्षांच्या रजिस्ट्रेशनचा समज गूगलच्या एका पेटंट अर्जातून आला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अर्जात म्हटलं होतं की चांगली डोमेन्स अनेकदा कित्येक वर्षांसाठी आगाऊ नोंदवलेली असतात. पेटंटमध्ये लिहिलेली प्रत्येक गोष्ट वापरात असते असं नाही. नूतनीकरण विसरू नये म्हणून जास्त वर्षांचे पैसे भरा, खुशाल भरा. रँकिंगसाठी भरू नका.

सगळ्यात घातक सल्ला जुनं डोमेन विकत घेण्याचा. मुदत संपून पूर्ण सुटलेलं डोमेन पुन्हा नोंदवलं की त्याची निर्मितीची तारीखच नवी होते, म्हणजे ज्या वयासाठी पैसे मोजले तेच हाती लागत नाही. पूर्ण सुटण्याआधीच लिलावात घेतलं आणि तारीख टिकली, तरी आधीच्या मालकाने केलेल्या स्पॅमचा डागही सोबत येऊ शकतो. शिवाय मार्च 2024 पासून, मुख्यतः रँकिंग लाटण्यासाठी मुदत संपलेलं डोमेन घेऊन त्यावर निकस मजकूर टाकणं हे गूगलच्या स्पॅम धोरणाचं थेट उल्लंघन आहे. धोरणातलंच उदाहरण घ्या: एके काळी प्राथमिक शाळेची असलेली साइट, आणि आता तिथे कसिनोचा मजकूर. विक्रेते 'पॉवरफुल एज्ड डोमेन' म्हणून विकतात, ते बऱ्याचदा नेमकं यासाठीच.

असं डोमेन आधीच घेतलं असेल, तर वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांचा ऑनलाइन संग्रह) त्याची जुनी पानं उघडून बघा आणि सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गूगलने साइटवर केलेली कारवाई, आहे का ते तपासा. असेल, तर साइट साफ करून गूगलला फेरविचाराची विनंती पाठवता येते. इतिहास स्वच्छ निघाला तर डोमेन टाकून द्यायची गरज नाही. लोकांच्या उपयोगाची, नवी, स्वतःची साइट जुन्या डोमेनवर उभारायला गूगलची हरकत नाही.