गोल न मारता संघ कसा चालवावा

भारताची फुटबॉल मॅच बरोबरीत सुटली की पहिलं काम, समोर कोण होतं ते विसरून जायचं. 25 मार्च 2025 ला शिलाँगमध्ये, 2027 च्या आशियाई कपच्या पात्रता फेरीत, समोर बांगलादेश होता. फिफाच्या क्रमवारीत आपण 126वे, ते 185वे. निकाल 0-0. हे आकडे चारचौघांत काढू नका, उगाच चर्चा भलतीकडे जाते. त्याऐवजी गंभीर चेहरा करून म्हणा, ‘हल्ली आशियात कुणालाच कमी लेखून चालत नाही.’ मालदीवपासून जपानपर्यंत कुठलाही संघ समोर असो, हे वाक्य चालतं. आणि ते खोटंही नाही. फक्त जपानवाले आपल्याबद्दल असं कधी म्हणतील, ते विचारू नका.

कुणी त्या मॅचचं पहिलं मिनिट उकरून काढेल, त्याची तयारी ठेवा. आपला गोलकीपर विशाल कैथ याने चेंडू थेट बांगलादेशच्या खेळाडूच्या पायात दिला. गोलपोस्ट मोकळी. त्या बिचाऱ्याला इतक्या आदरातिथ्याची सवय नसावी, त्याने चेंडू बाहेर मारला. याला चूक म्हणायचं नाही. ‘मागून खेळ उभारणं’ म्हणायचं. युरोपात सगळे असंच खेळतात. तिथे चेंडू आपल्याच माणसाकडे जातो, एवढाच काय तो फरक.

आता निवड. इथे तुमच्याकडे दोन मतं हवीत, दोन्ही ठाम. एक, ‘चाळिशीच्या सुनील छेत्रीला का खेळवलं?’ दोन, ‘छेत्री नसेल तर गोल कोण मारणार?’ मॅचआधी दुसरं वापरायचं आणि मॅचनंतर पहिलं. या माणसाने 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाची मॅच खेळली, ती 0-0 सुटली. संघाने ते अख्खं वर्ष एकही मॅच न जिंकता काढलं. मग मार्च 2025 मध्ये त्यालाच परत बोलावलं. मालदीवविरुद्ध त्याने आल्या आल्या गोल केला आणि त्यापुढची मॅच ही शिलाँगची. निरोपही शून्य-शून्य, पुनरागमनाच्या आठवड्यातही शून्य-शून्य. आपल्या फुटबॉलमध्ये सातत्य नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका. एकशे चाळीस कोटींच्या देशात दुसरा स्ट्रायकर, म्हणजे पुढे उभा राहून गोल मारणारा, का नाही? हा प्रश्न वाटतो साधा, पण तो धरून चालत गेलात तर इंडियन सुपर लीगच्या दारात जाऊन पोहोचाल. तिथे एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात, आणि क्लब त्यातला निदान एक तरी हमखास गोलसमोर उभा करतो. 2024-25 मध्ये लीगमध्ये सगळ्यात जास्त, 23 गोल केले मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईने. भारतीय पोरगा पळायला चांगला असेल तर त्याला विंगवर पाठवतात, अंगापिंडाने भरलेला असेल तर डिफेन्समध्ये. मग वर्षातून चार-पाच वेळा त्यातल्याच एकाला निळा शर्ट चढवून सांगतात, जा बाळा, गोल मार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांना हे आपण काय सांगणार! ते त्याच हंगामात एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते, आणि गोव्यात त्यांनी गोल मारायला अल्बानियाचा आर्मांडो सादिकू ठेवला होता. क्लबसाठी सादिकू, देशासाठी ‘बघू या कोण मिळतंय’. एफसी गोवाने मे 2025 मध्ये सुपर कप जिंकला. भारताने मार्केझ यांच्या हाताखाली आठ मॅचेसमध्ये एक जिंकली. यावरून दोन नोकऱ्या करू नयेत असा निष्कर्ष कुणी काढेल. तुम्ही तो काढू नका. दुसरी नोकरी अगदी उत्तम चालली होती.

डावपेचांबद्दल बोलायला फार अभ्यास लागत नाही. 4-2-3-1 खेळले असतील तर 4-3-3 हवं होतं म्हणा, आणि उलट. गोलकीपर सोडून उरलेले दहा जण मैदानात कसे उभे करायचे, त्याचे हे आकडे; बेरीज दहा आली की झालं. ‘क्रॉस टाका’, म्हणजे कडेने चेंडू गोलसमोर उचलून द्या, हाही सल्ला सुरक्षित असतो. क्रॉस टाकल्यावर आत डोकं लावायला कोण आहे, असं कुणी विचारलंच तर राहुल भेकेचं नाव घ्या. मुंबईचा गडी, मराठी आडनाव, ऊर भरून यावा असा. मलेशियाविरुद्ध हैदराबादेत 1-1 झालं तेव्हा आपला गोल त्याचा. मालदीवविरुद्ध 3-0 मधला पहिला गोलही त्याचाच. तो डिफेंडर आहे, ही गोष्ट हळूच सांगा.

एवढ्याने भागलं नाही तर मैदान बदलायचं. कोलकात्यात 0-0, हैदराबादेत 1-1, शिलाँगला 0-0. म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये सिंगापूरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आणलं. गोवा म्हणजे फुटबॉलचं माहेर, प्रेक्षक जाणकार, हवा ओळखीची. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने गोल केला आणि वास्तुदोष गेला असं वाटेपर्यंत आपण 2-1 ने हरलो, 2027 च्या आशियाई कपच्या बाहेरही पडलो. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला जाऊन त्याच बांगलादेशकडून 1-0 ने हरलो. म्हणजे शिलाँगची ती बरोबरी चांगलीच होती की! आपणच तिची किंमत केली नाही.

वास्तूवर विश्वास नसेल तर ग्रह आहेत. 2023 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने बातमी दिली होती, की आदल्या वर्षी अफगाणिस्तानविरुद्धच्या मॅचआधी तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी खेळाडूंची यादी एका ज्योतिषाला पाठवली होती. ती मॅच आपण 2-1 ने जिंकलो. हसू नका. पत्रिकेत निदान प्रत्येक ग्रहाचं घर ठरलेलं असतं, आपल्या मधल्या फळीत कोण कुठे उभा आहे ते अजून कळलेलं नाही.

आणि सगळे उपाय थकले की प्रशिक्षक बदला. जून 2025 मध्ये हाँगकाँगमध्ये शेवटच्या क्षणी पेनल्टीवर हरल्यानंतर मार्केझ गेले आणि भारतीय फुटबॉल फेडरेशनने जाहिरात दिली. अर्ज आले 170. त्यात बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी आणि मँचेस्टर सिटीचे तेव्हाचे प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांच्या नावाचेही ईमेल होते. आपल्याकडे बातमी फुटली, लोक खूश झाले, झावी परवडणार का यावर दोन दिवस हिशेब मांडले गेले. मग फेडरेशनने खुलासा केला की ते ईमेल खरे नव्हते. शेवटी पद मिळालं खालिद जमील यांना. फातोर्डा आणि ढाका त्यांच्याच वाट्याला आले, तेव्हा पुढची जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही.

तुम्हीही अर्ज लिहून ठेवा. स्वतःच्याच नावाने लिहा, वेगळं वाटेल. मुलाखतीला बोलावलं तर फॉरमेशनचा कागद, एक पत्रिका आणि ते आशियाचं वाक्य बरोबर असू द्या. आणि वय चाळीसच्या आत असेल तर बूटही न्या. ती एक जागा रिकामीच आहे.